विहीर पाव

"तरेभाऊ, ही सही तुमचीच ना?"

बाळाराम शेठने झेरॉक्स माझ्या चष्म्यासमोर धरली. सही माझीच होती. 'ग. दा. तरे, भूकरमापक.' भूकरमापक म्हणजे सरकारी मोजणीदार. लोक सर्व्हेअर म्हणतात. मला रिटायर होऊन चौदा वर्षं झाली आहेत. भिवंडीत मुलाकडे राहतो. शेजारी लूम चालतात, म्हणून मी उठून खिडकी लावली. शेठ काय म्हणतो ते मला नीट ऐकायचं होतं.

"माझीच आहे. काय काम काढलंत?"

"काम काय न्हाय. सोमवारी तहसीलदार मॅडमकडे सुनावणी हाय. तुम्ही यायचं, सही माझी म्हणायचं, चहा प्यायचा, घरी. गाडी पाठवतो."

झेरॉक्स माझ्या बावीस वर्षांपूर्वीच्या रिपोर्टची होती. पडघ्याच्या आतल्या बाजूला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, लोक अजून तिथे नांदताहेत. त्या गावच्या एका विहिरीबद्दल मी तीन वाक्यं लिहिली होती. 'सदर विहिरीबाबत जुन्या दप्तरी "विहीर पाव" अशी नोंद आढळते. पूर्वी पाद्री लोकांनी या विहिरीत पाव टाकून पाणी पिणाऱ्यांस बाटविल्याची वदंता आहे. विहीर वापरात नाही.'

आमच्या भागात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पोर्तुगीज वसई-साष्टीत होते तेव्हाची. पाद्री रात्रीतून विहिरीत पाव टाकायचे. सकाळी गाव पाणी प्यायचं. मग पाद्री सांगायचे, तुम्ही आमचा पाव प्यालात, तुम्ही बाटलात. ती गोष्ट मीही लहानपणीच ऐकली होती. जुन्या कागदात 'विहीर पाव' दिसल्यावर मला शोध लागल्यासारखं झालं. पुढे ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, मी तो किस्सा किती वेळा सांगितला असेल, मोजदाद नाही.

"पण आता त्या विहिरीचं काय?" मी विचारलं.

"बुजवायची हाय. आजूबाजूची जमीन आपली झाली. गोडाऊन काढतोय. मधोमध ती विहीर. तुमच्या रिपोर्टानंतर सातबाऱ्यावरचा हक्क गेला, तो बरा झाला."

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. जमीन एकाची, पण वाट दुसऱ्याची, विहिरीचं पाणी तिसऱ्याचं, असं काही असेल तर ते तिथे लिहितात. कागद नव्याने लिहिले गेले, तेव्हा 'वापरात नाही' या माझ्या वाक्यावर बोट ठेवून त्या विहिरीची ओळ गाळली गेली होती. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"मग सध्या तिथून कोणीच पाणी भरत नाही?"

"भरतात ना. तीन पाडे भरतात, त्या शिष्टरचा दवाखाना भरतो. पण चोरून. कागदावर हक्क न्हाय, म्हंजे चोरीच ना? आणि गावबी बोलतोय, बाटवाबाटवीची विहीर नको आपल्याला."

"शेठ, 'वापरात नाही' हे मी कशावरून लिहिलं होतं?"

शेठ हसला. "आमच्या बाबांनी सांगितलं, तुम्ही लिवलंत. आमच्याच ओट्यावर. कोंबडा मी सोलला होता तेव्हा. इसरलात?"

विसरलो नव्हतो. मे महिना होता. विहीर उताराला, वीस मिनिटांची चाल. मी गेलो नाही. स्थळपाहणीचा रिपोर्ट मी स्थळ न पाहता लिहिला. भाकरी मात्र गरम होती.

दुसऱ्या दिवशी एसटीने पडघा गाठलं, पुढे शेअर रिक्षा. बावीस वर्षांनी मी ती वीस मिनिटं चाललो.

मिशनचा दवाखाना दोन खोल्यांचा, वर पत्रा. बाहेर बाकावर सात-आठ जण. सिस्टर रेजिना ख्रिस्ती धर्मभगिनी, माझ्याच वयाच्या, मूळच्या वसईच्या. पांढरी सुती साडी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. एका बाईच्या पायाची जखम धूत होत्या. जखमेला वास येत होता. मी दारातच थांबलो.

"बसा म्हणत नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या. "हात रिकामे दिसतात. तो ट्रे धरा."

मी ट्रे धरला. त्यांनी जखम धुतली, मळलेला कापूस माझ्या ट्रेमध्ये टाकत गेल्या, पट्टी बांधली. त्या बाईला सांगितलं, "गंगे, तीन दिवस चिखलात पाय घालशील तर मी दुसरा पाय मोडीन."

"मंग चालू कशी शिष्टर, तुझ्या डोक्यावर बसून?" गंगी म्हणाली. ती खालच्या पाड्यावरची. चाळिशीची असावी. दोघी हसल्या.

चहा आला तेव्हा मी माझं नाव सांगितलं. सिस्टरनी कप खाली ठेवला.

"म्हणजे ते तरे तुम्ही! नोटिशीबरोबर तुमचा कागद आला आहे. अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं."

त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. चूक केलेला माणूस समोरच्याची चूक शोधायला लागतो. मीही तेच केलं. चर्चची एकेक काढत गेलो. गोव्यात इन्क्विझिशन बसवलं. म्हणजे कोण मनातून कुठला धर्म पाळतो हे तपासणारं कोर्ट, वर तुरुंग आणि जाळणं. साष्टीत देवळं पाडली. युरोपात क्रूसाच्या नावाने लढाया केल्या. पापाच्या माफीचे कागद विकले. पृथ्वी फिरते म्हणणाऱ्याला गुडघ्यावर बसवलं. आणि अलीकडचं म्हणजे काही पाद्र्यांनी लहान मुलांवर अत्याचार केले, आणि वरच्यांनी त्यांच्या बदल्या करून ते झाकलं.

"संपलं?" सिस्टरनी विचारलं.

"संपलं."

"एक राहिलं. देवापुढे सगळे सारखे म्हणत बाप्तिस्मा दिला आणि चर्चमध्ये जातीप्रमाणे बाकडी वेगळी ठेवली. तेही लिहून घ्या."

मी कप उचलून एक घोट घेतला.

"तरेसाहेब, यातलं बरंचसं खरं आहे. मी ते आमच्याच लोकांच्या पुस्तकांत वाचलं. एका पोपने तर जुन्या अपराधांची जगासमोर क्षमा मागितली. उशीर झाला, पण मागितली. लोक आमच्यावर टीका का करतात, मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे. शेजाऱ्यावर प्रेम कर, असं आम्हीच जगभर सांगत फिरलो. आता लोक त्याच मापाने आम्हाला मोजतात. तुम्ही तर मोजणीदार. दुसऱ्याच्या शेताला लावलेली साखळी आपल्या शेताला नको, असं चालेल?"

आमच्या काळी जमीन लोखंडी साखळीने मोजायचे. कडी झिजली की माप खोटं यायचं. म्हणून साखळी आधी तपासून घ्यायची असते. चाळीस वर्षं त्या साखळीशी घालवून हे मला एका सिस्टरने सांगावं लागलं.

"आणि विहिरीतला पाव?" मी विचारलं. "तेही खरं?"

"माझ्या माहेरी तीच गोष्ट सांगतात. आमचे पूर्वज असेच बाटले म्हणून. खरंखोटं देव जाणे. पण मला लहानपणापासून एक कोडं आहे. पाद्र्याने पाव टाकला, ते त्याचं पाप. कबूल. पण तहानेला नकळत पाणी प्यायलेल्या माणसाला, आता तू आमचा नाहीस, असं कोण म्हणालं? ते पाद्री नव्हते ना?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. गंगी बाकावरून ऐकत होती. मी तिला विचारलं, "तुम्हाला सिस्टर येशूचं काय काय सांगतात?"

"येशूचं न्हाय, साबनाचं सांगते. हात धू, हात धू. मुतून आलीस हात धू, पोराला पाजतेस हात धू. डोकं उठवलंय."

बाकावरचे सगळे हसले. सिस्टर सर्वांत जास्त.

मग मी मनातलं बोललो. मी तो रिपोर्ट जागेवर न येता लिहिला. माझ्यामुळे हक्काची ओळ गेली.

"हे बघा," सिस्टर म्हणाल्या, "कन्फेशन ऐकायचा अधिकार मला नाही, त्याला फादर लागतात. आणि तुम्ही आमच्यातले नाही. पण आमच्याकडेसुद्धा नुसतं चुकलो म्हणून भागत नाही, नुकसान भरून द्यावं लागतं. तुमचं पाप कागदावर आहे ना? मग कागदावरच धुवा."

मी विहिरीकडे निघालो. गंगी हंडा घेऊन लंगडत पुढे. विहीर मोठी, दगडी बांधणीची, चौकोनी. चारी बाजूंना एकेक दगडी पायठा, पाणी ओढायला उभं राहण्यापुरता. पूर्वेच्या पायठ्यावर एक पोक्त बाई दोर सोडत होती. गंगीने हंडा आपटला.

"ए काकू! आमच्या पावावर का चढलीस? तुमचा पाव तिकडं!"

"तिकडं ऊन हाय गं. घटकाभर उभी ऱ्हायले तर तुझा पाव झिजतोय व्हय?"

मी जागच्या जागी उभा राहिलो. "गंगीबाई, काय म्हणालात? कसला पाव?"

"ह्यो. ह्यी बाजू आमच्या पाड्याची. चार बाजू, चार पाव. आजा-पणज्यापासून."

पाव म्हणजे चौथा हिस्सा. पावशेर, पाव किलो, पाऊणमधला पाव. तिसरीतलं पोरगंही ओळखेल. अपूर्णांकांवर पोट भरलेल्या माणसाने तो शब्द वाचला आणि त्याला बेकरीतला पाव दिसला.

गुरुवारी मी रेकॉर्ड रूममध्ये नकलेसाठी अर्ज दिला. शुक्रवारी मूळ दप्तर समोर आलं. मी पूर्वी पाहिलेलं पान कसरीने खाल्लेलं होतं. 'विहीर पाव' एवढं शिल्लक, पुढे भोक. तेव्हा मी तिथेच थांबलो होतो. या वेळी पुढची पानं उलटली. तीन पाडे आणि चौथं मुख्य गाव, प्रत्येकाची नोंद वेगळ्या पानावर. चारही पानांवर 'विहीर पाव.' तिसऱ्या पानावर कसर पोचली नव्हती. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, 'विहीर पाव हिस्सा.'

आमच्या धंद्यात एक साधा ताळा आहे. सगळे पोटहिस्से मिळवले की पूर्ण एक भरलं पाहिजे. कमी भरलं तर एखादं पान राहिलं, जास्त भरलं तर कुणीतरी खोटं बोललं. चार पाव मिळून एक भरलं.

शेवटी शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी होत्या. 'विहीर मिशनने स्वखर्चाने बांधिली. चारी वस्त्यांस समान हिस्सा. मिशनचा हिस्सा निरंक.' निरंक म्हणजे काही नाही, शून्य.

मी ते दोनदा वाचलं. ज्या काळी या तीन पाड्यांतल्या लोकांना गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, त्या काळी कुणा पाद्र्याने त्यांच्यासाठी आणि गावासाठी एकच विहीर बांधली. चौघांचे हिस्से सारखे करून सरकारदरबारी लिहून घेतले. स्वतःला एक बादलीही ठेवली नाही. आणि मी त्याच्यावर विहीर बाटवल्याचा आरोप ठेवला, तोही सुवाच्य अक्षरात. गोव्यातलं इन्क्विझिशन खरं, म्हणून ह्या पाद्र्याचा पाव खरा होत नाही. आणि ह्याची विहीर खरी, म्हणून ते इन्क्विझिशन पुसलं जात नाही. दोन्हीला आपापलं पान आहे.

सोमवारी मी शेठची गाडी परत पाठवली आणि रिक्षाने गेलो. तहसीलदार मॅडम तरुण, बोलणं तुटक. एका बाजूला शेठ आणि गावचे चार जण. दुसरीकडे सिस्टर, गंगी आणि पाड्यांवरच्या बाया.

"तरे तुम्ही? ही सही तुमची?"

"सही माझी आहे मॅडम. वरच्या तीन वाक्यांतलं पहिलं अर्धवट आहे, बाकीची दोन चुकीची. हे प्रतिज्ञापत्र आणि ह्या चार पानांच्या नकला."

शेठ उभा राहिला. "मॅडम, ह्यांचं वय झालंय. बावीस वर्षांनी काय आठवणार?"

"आठवायचं कशाला? कागद आहे ना," मॅडम म्हणाल्या आणि वाचू लागल्या. चौथ्या पानावर थांबल्या. "शेठ, मुख्य गावाचाही पाव हिस्सा आहे की ह्यात. हक्कदारांच्या नावांत पहिलंच नाव तुमच्या आजोबांचं दिसतंय. म्हणजे विहीर बाटवलेली असेल तर तुमच्या घरापासूनच सुरुवात करावी लागेल."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शेठ माझ्याकडे वळला. "काय तरेभाऊ, म्हातारपणी शिष्टरने बाटवलं वाटतं तुम्हाला?"

"नाही शेठ. बाटलो होतो बावीस वर्षांपूर्वी. तुमच्या वडलांच्या ओट्यावर. कोंबडा तुम्हीच सोललात."

शेठ खाली बसला.

मॅडमनी विचारलं, "हा लेखनप्रमाद म्हणायचा ना?" लिहिताना झालेल्या चुकीला कायद्यात हा शब्द आहे.

"लेखनाचा नाही मॅडम. मी जागेवर गेलोच नव्हतो. तसंच लिहा."

"माझ्याकडे लेखनप्रमादाचं कलम एवढंच आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुमच्या प्रतिज्ञापत्रात राहील. तुमच्यावर चौकशी निघू शकते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

मग त्या सिस्टरकडे वळल्या. "सिस्टर, पाड्यांचा हक्क सिद्ध होतो. पण ह्या कागदाप्रमाणे मिशनचा हिस्सा निरंक आहे. दवाखान्याला पाणी कुठल्या हक्काने देऊ?"

मी खाली पाहिलं. शुक्रवारपासून मला हीच भीती होती. कागद खरा करायचा तर सगळाच खरा करावा लागतो. सोयीचं पान ठेवून गैरसोयीचं काढता येत नाही. एकदा तसं करून झालं होतं.

सिस्टर हसल्या. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही चोरूनच पाणी पितोय. शेठ म्हणत होते ते खरंच होतं की."

शेठने मान डोलावली. तेवढ्यात गंगी पुढे आली. पायाला पट्टी तशीच होती, चिखलाने माखलेली.

"बाई, आमचा पाव हाय ना? लिवलाय ना त्येच्यात?"

"आहे."

"मंग शिष्टर आमच्या पावातलं पिते. त्यात कुणाचं काय जातंय? तेबी लिवा."

"अंगठा देशील?"

"अंगठा कशाला? सही करते. तिनंच शिकवलीय."

गंगीने सही केली. तिच्या मागे तीनही पाड्यांच्या बायांनी एकेक करून केली. काहींनी अंगठे दिले. मॅडमनी तसा जबाब नोंदवून घेतला. सिस्टर खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

महिन्याभरात ओळ परत चढली. विहीर आहे. शेठचं गोडाऊनही झालं, त्याचं कंपाउंड विहिरीपाशी वळसा घेऊन जातं. माझ्यावर चौकशी निघाली नाही. निघाली असती तर बरं वाटलं असतं. ज्यांना ज्यांना मी तो पावाचा किस्सा सांगितला होता, त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांना फोन करून खरं काय ते सांगतो आहे. बहुतेकांना जुना किस्साच जास्त आवडतो. म्हणून हे छापून ठेवतो आहे.

दवाखान्याचा हिस्सा कागदावर आजही निरंक आहे. सिस्टरना मी सुचवलं होतं, एक अर्ज करा, वहिवाटीने हक्क लागेल. त्या म्हणाल्या, "नको. ज्याने विहीर बांधली त्याने काही विचार करूनच शून्य लिहिलं असेल. आणि मागून प्यायलेलं पाणी बरं असतं. माणूस ताठत नाही."

नव्या मोजणीदारांनी विचारलं तर मी एवढंच सांगतो. जुन्या दप्तरात जो शब्द अडेल, त्याची भीती बाळगू नका, तो तुम्ही कुणाला तरी विचारालच. जो वाचताक्षणी कळला, त्यासाठी मात्र उन्हात वीस मिनिटं चालत जा.